तग कुणी धरला?

मध्यंतरी शहरातल्या एका परिसंवादाला गेले होते. विषय होता : महासाथीच्या काळात देशाची आरोग्ययंत्रणा तग कशी धरते. पडद्यावर आलेख होते, खाटांचे आकडे होते, लशींचे आकडे होते. इंग्रजीतल्या 'रेझिलियन्स' या शब्दाला मराठीत काय म्हणायचं यावर बराच वेळ चर्चा झाली. कुणी चिवटपणा म्हटलं, कुणी तग, शेवटी 'लवचिकता' या शब्दावर एकमत झालं. माझ्याबरोबर आमच्या तालुक्यातल्या एक आशाताई आल्या होत्या. पंधरा वर्षं हे काम करताहेत. त्या सभागृहात काहीच बोलल्या नाहीत. परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ताई, वाकलो आम्ही, आणि लवचिक म्हणे यंत्रणा."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. कोरोनाची साथ ओसरून काही वर्षं झाली. अहवाल लिहून झाले, पुरस्कार देऊन झाले, पुढच्या साथीची तयारी कशी करायची यावर जगभर खल चालू आहे. या सगळ्यात एक प्रश्न बाजूला राहतो, आणि तो आपण बायकांनी विचारला नाही तर कुणीच विचारणार नाही. यंत्रणेने तग धरला असं आपण म्हणतो, तेव्हा नेमका कुणी धरला? आणि त्याची किंमत कुणी मोजली?

आधी तग धरणं म्हणजे काय ते पाहू. हा शब्द आरोग्याच्या चर्चेत जोरात आला तो पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीनंतर. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत या साथीने अकरा हजारांहून अधिक माणसं दगावली. पुढे सिएरा लिओनमध्ये अभ्यासकांनी एक वेगळा हिशेब मांडला. साथीच्या भीतीने बायका दवाखान्यात जायच्या थांबल्या, नर्सेस आजारी पडल्या किंवा इबोलाच्या कामाला जुंपल्या गेल्या. गरोदरपणातल्या तपासण्या आणि दवाखान्यातली बाळंतपणं घटली. त्यामुळे बाळंतिणींचे, नवजात बाळांचे आणि मृत जन्माचे मिळून सुमारे ३,६०० जादा बळी गेले असा तो अंदाज होता. त्या देशात प्रत्यक्ष इबोलाने गेलेल्यांचा आकडाही साधारण तेवढाच, म्हणजे चार हजारांच्या आतबाहेर. एका साथीत दोन साथी. पहिलीची नोंद झाली, दुसरीची शोधून काढावी लागली. दुसरीत मेल्या त्या बाया आणि त्यांची लेकरं.

म्हणून आरोग्ययंत्रणेची परीक्षा दोन पेपरांची असते. नव्या रोगाशी ती कशी लढते हा पहिला पेपर. ती लढाई चालू असताना बाळंतपण, लसीकरण, क्षयाची औषधं, गर्भपात, कुटुंबनियोजन ही रोजची कामं चालू राहतात की नाही, हा दुसरा. आपल्याकडे चर्चा झाली ती फक्त पहिल्या पेपराची.

पहिला पेपर

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. मुंबई-पुण्याहून माणसं गावाकडे निघाली. गावात आलेल्या प्रत्येकाचं नाव लिहून घ्यायचं, ताप-खोकला विचारायचा, हातावर शिक्का असलेला माणूस घरातच आहे ना हे चौदा दिवस जाऊन बघायचं, दम लागला तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं. हे काम कुणी केलं? आशांनी, अंगणवाडीताईंनी, नर्सबाईंनी. सुरुवातीला मास्क नव्हते, म्हणून जुन्या साड्या फाडून शिवले. सॅनिटायझरची एक छोटी बाटली मिळाली, ती किती दिवस पुरवायची हे कुणी सांगितलं नाही. माहिती भरायची ती स्वतःच्या मोबाइलवर आणि स्वतःच्या रिचार्जवर. ज्या घरात पूर्वी बाळंतिणीला बघायला गेल्यावर चहा मिळायचा, त्याच घराचं दार तोंडावर आपटलं जाऊ लागलं. "तूच रोग घेऊन फिरतेस," असं ऐकावं लागलं. कुठे शिव्या, कुठे दगड. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर कडक शिक्षा, असा अध्यादेश २२ एप्रिल २०२० ला काढावा लागला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

घरीही तेच. आमच्या ओळखीच्या एका आशाताई दोन महिने ओसरीत झोपल्या. सासू भांडं वरून टेकवायची. नवऱ्याचं काम बंद, त्यामुळे बायकोने हे काम सोडावं असं त्याला वाटत असूनही तो बोलू शकत नव्हता, कारण घरात येणारे तेवढेच पैसे होते.

ते पैसे तरी किती? आशा हे पद २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, तीही त्याच गावची बाई. देशभरात या आज दहा लाखांच्या आसपास आहेत, महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या आसपास. पण सरकारदप्तरी ही बाई कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. बाळंतपणाला नेलं तर इतके, बाळाचं लसीकरण पूर्ण झालं तर इतके. कोरोनाच्या कामासाठी केंद्राने महिन्याला एक हजार रुपये जादा ठरवले. दिवसाला तेहतीस रुपये. टाळेबंदीत लसीकरणाची सत्रं बंद पडली, त्यामुळे त्या कामाचा नेहमीचा मोबदलाही बुडाला. म्हणजे काम दुप्पट, जीव धोक्यात, आणि काही जणींच्या हातात आधीपेक्षा कमी पैसे.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून आपल्या राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. पथकाने रोज पन्नास घरी जायचं, प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन मोजायचा. मोहीम उपयोगी होती, अनेकांचा जीव तिच्यामुळे वाचला असेल. पण नाव पुन्हा एकदा वाचून बघा. कुटुंब माझं, जबाबदारीही माझी. मग शासनाची जबाबदारी कोणती? आणि कुटुंबाची जबाबदारी म्हटली की घरात ती कुणाच्या पदरात पडते, हे आपल्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको.

प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर झाला, त्यात आशांचाही समावेश होता हे नोंदवलं पाहिजे. पण सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत विचारणा झाली की या लढाईत किती आरोग्य कर्मचारी गेले, तेव्हा उत्तर मिळालं की आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी माहिती केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही. थाळ्या वाजवून ज्यांचा गौरव केला, त्या किती मेल्या हे आपण मोजलंसुद्धा नाही.

दुसरा पेपर

मे २०२० मधली गोष्ट. आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका वस्तीतली बाई, नववा महिना भरलेला, रात्री कळा सुरू झाल्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात सांगितलं, इथे आता फक्त कोरोनाचे पेशंट घेतो. खाजगीत गेली तर कोरोनाचा रिपोर्ट आणा म्हणाले. रिपोर्ट यायला तेव्हा दोन दिवस लागत. तिसऱ्या ठिकाणाच्या फाटकाबाहेर रिक्षातच ती बाळंत झाली. बरोबरच्या आशाताईंनी स्वतःच्या पदराचा आडोसा केला. मूल वाचलं, आई वाचली, म्हणून ही गोष्ट आज सांगता तरी येते. फोनवर मी तासभर एकेक नंबर फिरवत होते आणि प्रत्येक ठिकाणी मला पुढचा नंबर मिळत होता. त्या रात्री माझी समाजकार्याची पदवी काही उपयोगाची नव्हती.

दुसरी एक बाई. तीन मुलं, दिवस गेलेले, मूल नको होतं. आठवा आठवडा होता तेव्हा टाळेबंदी लागली. नवरा घरात, एसटी बंद, औषधाच्या दुकानात गोळ्या मिळेनात. तालुक्याच्या ठिकाणच्या स्त्रीरोगतज्ज्ञ कोरोनाच्या ड्यूटीवर. १४ एप्रिल २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने टाळेबंदीतही चालू ठेवायच्या अत्यावश्यक सेवांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या आणि त्यांत गर्भपाताची सेवाही होती. कागद दिल्लीहून निघाला, पण त्या बाईपर्यंत पोचला नाही. तिने चौथं मूल जन्माला घातलं. महासाथीच्या कुठल्याही तक्त्यात या बाईची नोंद नाही, कारण ती मेली नाही.

ज्यांची नोंद झाली ते आकडे बघा. २०१९ साली देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये हा आकडा १८ लाखांवर आला. क्षय कमी झाला नव्हता, रुग्ण शोधणं थांबलं होतं. खोकला आला तरी माणसं सांगायला घाबरत होती. क्षयाचं निदान करणारी यंत्रं कोरोनाच्या तपासणीला लागली, कर्मचारीही तिकडे गेले. २०२२ उजाडलं तेव्हा कुठे नोंद पुन्हा २४ लाखांच्या वर गेली. मधल्या काळात हे न सापडलेले लाखो रुग्ण एकेका खोलीच्या घरांत खोकत होते, आणि त्यांची शुश्रूषा बायका करत होत्या.

लसीकरणाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात या लशीचा पहिला डोसही न मिळालेली बालकं भारतात २०१९ मध्ये १४ लाख होती, ती २०२० मध्ये ३० लाखांवर गेली. साथीचं बिल असं उशिरा येतं. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवर पसरला, सगळ्यात जास्त गोवंडीच्या वस्त्यांमध्ये, आणि मुलं दगावली. गोवर रोखायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळावी लागते. टाळेबंदीत चुकलेला डोस दोन वर्षांनी अंगावर आला.

दुसऱ्या पेपरात आपण नापास झालो, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. नापास झालो म्हणजे नर्सबाई आळशी होत्या असं नाही. एकच बाई दोन कामांना पुरणार नव्हती, आणि तिच्याऐवजी दुसरी कुणी नव्हती. साथ येण्याच्या आधी, २०१९-२० मध्ये, केंद्र आणि राज्य सरकारं मिळून आरोग्यावर देशाच्या सकल उत्पादनाच्या १.३५ टक्के खर्च करत होती. एकूण आरोग्यखर्चातले ४७ टक्के लोकांच्या खिशातून जात होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. प्रत्यक्ष महासाथ चालू असताना, २०२१-२२ मध्ये, तो १.८४ टक्के होता. रिकाम्या पदांवर, गळक्या उपकेंद्रांवर जी यंत्रणा शांततेच्या काळातही कशीबशी उभी असते, ती वादळात बाईच्या खांद्यावर रेलणार नाही तर काय करणार?

जिथे निभावलं तिथे काय होतं?

सगळीकडे असंच झालं का? नाही. आणि जिथे बरं झालं तिथून शिकायला हवं.

केरळात मे २०१८ मध्ये कोझिकोड आणि मलप्पुरम भागात निपाह विषाणूने सतरा माणसं गेली. पेरांब्राच्या सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका लिनी पुतुश्शेरी रुग्णाची सेवा करता करता गेल्या. त्या राज्याने तो धडा वाया जाऊ दिला नाही. संपर्कात आलेल्यांचा माग काढणं, कुणाला कुठे ठेवायचं, कोण काय करणार, हे आधी बसवलेलं होतं. ३० जानेवारी २०२० ला देशातला पहिला कोरोना रुग्ण त्रिशूर जिल्ह्यात सापडला तेव्हा यंत्रणा गोंधळली नाही. त्यामागे आणखी जुनी पुण्याई होती. १९९६ पासून ग्रामपंचायतींकडे निधी आणि अधिकार आले होते, प्राथमिक आरोग्य केंद्र पंचायतीच्या अखत्यारीत होतं, आणि १९९८ पासून कुटुंबश्रीच्या बचतगटांचं जाळं गावोगाव पसरलं होतं. टाळेबंदी लागताच सामूहिक स्वयंपाकघरं चालू झाली ती याच जाळ्याच्या बळावर. केरळातही पुढे २०२१ मध्ये रुग्ण प्रचंड वाढले, माणसं गेली. पण इतर अनेक राज्यांत ऑक्सिजनसाठी जी वणवण झाली तशी आणीबाणी तिथे आली नाही.

आपल्याकडे धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ लाखांहून जास्त माणसं, सार्वजनिक संडास, दहा बाय दहाच्या खोल्या. घरात वेगळं राहा हे सांगणंच व्यर्थ. महापालिकेने शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाची सोय केली, तिथे जेवण दिलं, वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, आणि पालिकेच्या आरोग्य सेविका गल्ल्यागल्ल्यांतून फिरल्या. या सेविका वर्षानुवर्षं त्याच गल्ल्यांत लसीकरणासाठी फिरत आल्या होत्या, म्हणून त्यांना दार उघडलं गेलं. नंदुरबार या आदिवासी जिल्ह्यात पहिली लाट ओसरत असतानाच जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प उभारायला घेतले, म्हणून दुसऱ्या लाटेत तो जिल्हा इतरांच्या तोंडाकडे बघत बसला नाही.

या तिन्ही ठिकाणी साम्य काय? तयारी आधीची होती, निर्णय घेण्याची ताकद खालच्या पातळीवर होती, आणि लोकांचा ज्यांच्यावर विश्वास होता अशा बाया आधीपासून तिथे काम करत होत्या. साथ आल्यावर यंत्र विकत घेता येतं. विश्वास विकत घेता येत नाही, तो वीस वर्षं घरोघर फिरून मिळवावा लागतो.

आणि जिथे सार्वजनिक यंत्रणा तोकडी पडली तिथे काय झालं, तेही आपण बघितलं. २१ मे २०२० ला राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटा नियंत्रणाखाली घेतल्या आणि दर बांधून दिले : दिवसाला चार हजार, साडेसात हजार आणि व्हेंटिलेटरसह नऊ हजार. निर्णय धाडसी होता. पण हे दर प्रत्यक्षात किती ठिकाणी पाळले गेले, ते ज्यांनी मंगळसूत्र मोडून बिल भरलं त्यांना विचारा. माणूस गेला आणि कर्ज राहिलं, ते बाईच्या नावावर. सासरी जमीन तिच्या नावे नाही, राहतं घर तिच्या नावे नाही, सावकाराचा हिशेब मात्र तिच्या दारात. २०२१ मध्ये कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांत या बायकांच्या याद्या केल्या, जादा बिलांचे पैसे परत मिळावेत म्हणून पाठपुरावा केला, आणि शासनानेही 'मिशन वात्सल्य' ही योजना आणली. संघटना उभी राहिली म्हणून एवढं तरी झालं.

जुनी गोष्ट, जुनाच धडा

टाळेबंदीचे अधिकार सरकारने ज्या कायद्यांखाली वापरले त्यातला एक होता १८९७ चा साथरोग कायदा. मुंबई इलाख्यात प्लेग पसरला तेव्हा इंग्रजांनी घाईघाईने केलेला, जेमतेम चार कलमांचा. त्यात सरकारला घरात शिरण्याचे, माणसं उचलून नेण्याचे अधिकार होते. उपचार मिळण्याचा, माणूस म्हणून वागवलं जाण्याचा हक्क कुणालाच नव्हता. पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या, बायकांना उघड्यावर आणून तपासलं. पंडिता रमाबाईंनी प्लेग इस्पितळात स्त्रियांचे काय हाल होतात याबद्दल त्याच वर्षी वृत्तपत्रात जाहीर तक्रार केली. आणि त्याच पुण्यात सावित्रीबाई, डॉक्टर झालेल्या यशवंताच्या मदतीने, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, त्यात त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आपण सावित्रीबाईंची ही गोष्ट त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. मलाही ती तशीच शिकवली गेली. पण आता वाटतं, त्या गोष्टीत एक आरोपही आहे. अस्पृश्य वस्तीतल्या आजारी मुलाला न्यायला सहासष्ट वर्षांच्या बाईची पाठ लागली, कारण त्याच्यासाठी दुसरी कुठलीही व्यवस्था नव्हती. सव्वाशे वर्षांनी कायदा तोच निघाला, आणि पाठही बाईचीच.

वेगळं काही करून बघितलं गेलं नाही असं नाही, आणि तेही आपल्याच राज्यात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यात दलित बाया होत्या, निरक्षर बाया होत्या. त्यांना केवळ निरोप्या म्हणून वापरलं नाही. त्या शिकल्या, प्रश्न विचारू लागल्या, गावाला सांगू लागल्या आणि गाव ऐकू लागलं. आशा योजनेने या अनुभवातून गावातली बाई घेतली, तिचे पाय घेतले, पण तिचा अधिकार तेवढा मागे ठेवला. समाजकार्याच्या वर्गात आम्हाला 'लोकसहभाग' हा शब्द फार वेळा शिकवला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बायकांनी फुकट किंवा नाममात्र पैशांत केलेलं काम असा होतो, हे मात्र गावात आल्यावर कळलं.

आणि साथ संपल्यावर

१५ जून २०२१ ला, दुसरी लाट ओसरत असताना, महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. आठवडाभराच्या संपानंतर त्यांना एकूण दीड हजारांची वाढ मिळाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्यांना पुन्हा संप करावा लागला. कबूल केलेल्या वाढीचा शासन निर्णय निघेना, म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत त्या आझाद मैदानावर उघड्यावर झोपल्या, तेव्हा मार्चमध्ये पाच हजारांच्या वाढीचा निर्णय झाला. ज्या केरळचं मी वर कौतुक केलं, तिथेही २०२५ च्या फेब्रुवारीपासून तिरुअनंतपुरमला सचिवालयासमोर आशा महिनोन् महिने धरणं धरून बसल्या होत्या. म्हणजे ज्यांच्या बळावर राज्याचं नाव झालं, त्यांना तिथेही रस्त्यावरच यावं लागलं.

२०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की योजनांवर काम करणाऱ्या अशा स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी. साथ यायच्या सात वर्षं आधी. ती तेव्हा मानली असती तर २०२० ची आशा वेगळी असती. तिच्या आजारपणाची रजा भरपगारी असती, तिला मास्क मागावा लागला नसता, आणि तिचा मृत्यू कुठल्यातरी हजेरीपटावरून कमी होताना तरी दिसला असता.

आपण काय करायचं?

आधी थोडं स्वतःकडे बघू. ८ मार्च २०२१ ला आमच्या गटाने आशांचा सत्कार केला होता. साडी, नारळ, प्रमाणपत्र. भाषणात मीच त्यांना रणरागिणी म्हणाले होते. जूनमध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा आम्ही रेशनच्या किटवाटपात होतो आणि त्यांच्या मांडवात गेलो नाही. बाईच्या कामाला माया म्हणायचं म्हणजे त्याची मजुरी द्यावी लागत नाही, ही जी चलाखी आपण वर्षानुवर्षं घरकामाच्या संदर्भात उघडी पाडत आलो, तीच आम्ही त्या दिवशी व्यासपीठावरून केली. ही कबुली दिल्याशिवाय पुढचं बोलण्याचा अधिकार मला वाटत नाही.

म्हणून पहिली मागणी : आशा, गटप्रवर्तक, अंगणवाडीताई यांना कर्मचारी म्हणून मान्यता, आणि त्या मागणीत स्त्री-संघटनांचा उघड सहभाग. हा एका युनियनचा पगारवाढीचा प्रश्न म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पुढच्या साथीत आपल्या लेकीसुनांचं बाळंतपण नीट होईल की नाही, हे त्यावर ठरणार आहे.

दुसरी मागणी : प्रत्येक जिल्ह्याच्या साथनियोजनात कधीही बंद न पडणाऱ्या सेवांची यादी हवी, आणि त्यासाठी वेगळी माणसं आणि वेगळी जागा ठरलेली हवी. बाळंतपण, गर्भपात, गर्भनिरोधक साधनं, लसीकरण, क्षयाची औषधं, सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्त, घरात मार खाल्लेल्या बाईची तपासणी. टाळेबंदीत मारणाऱ्याबरोबर कोंडल्या गेलेल्या बायकांना दवाखाना हे बाहेर पडण्याचं एकमेव कारण होतं, तेही आपण बंद केलं होतं हे विसरू नये.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर असते, दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम अनेक तालुक्यांत झालं. जनसुनवायांमध्ये बायकांनी उठून डॉक्टरांना जाब विचारला, औषधं मागितली, पैसे परत घेतले. ते बळ पुन्हा उभं करायला हवं. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. तो अपुरा असेल, पण कायदा होऊ शकतो एवढं तर त्याने दाखवलं. मग महाराष्ट्रात का नाही?

पुढची साथ येणार आहे. कधी, कुठली, हे सांगता येत नाही, पण येणार हे नक्की. तेव्हाही पहाटे उठून, भाकरी थापून, पिशवी खांद्याला लावून कुणीतरी बाई पहिल्या घराचं दार वाजवायला जाणार आहे. ती कोणत्या अटींवर जाणार, हे ठरवायची वेळ आत्ता आहे, कारण आत्ता गडबड नाही.

तर मैत्रिणींनो, एक काम करा. तुमच्या गावातल्या, वस्तीतल्या आशाताईंकडे जा आणि २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत काय काय झालं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कुणाचं बाळंतपण कुठे झालं, कुणाची लस चुकली, कुणाला दवाखान्याने परत पाठवलं, त्यांना स्वतःला काय सोसावं लागलं, हातात किती पैसे आले. सरकारने जे मोजलं नाही ते आपण मोजू. तुमची टिपणं आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू. आणि त्या ताईंना सांगा की यावेळी आम्ही साडी-नारळ घेऊन आलेलो नाही, मांडवात बसायला आलो आहोत.

— संपादक मंडळासाठी